मथूआयेचा ओठ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, मला माझं स्वतःचं वय धड सांगता येत नाही. एवढं खरं की तेव्हा होड्यांना शिडं होती, खाडीवर पूल नव्हता आणि सातखोल गावात यायचं तर तरीच्या होडीत बसूनच यावं लागे. तरीवाला जेवून आडवा झालेला असला की पाहुणा पलीकडच्या काठावरून हाका मारत बसे आणि गाव अलीकडून त्याच्याकडे बघत बसे. अशी निवांत माणसं होती.

खाडीच्या तोंडाशी मधोमध वाळूचा एक लांबट पट्टा आहे, त्याला पुळण म्हणतात. भरतीला तो बुडतो आणि ओहोटीला वर येतो. ओहोटीला तिकडे सुकती म्हणतात. सुकती लागली की बायका पाट्या घेऊन गुडघाभर पाण्यातून पुळणीवर जायच्या आणि वाळू उकरून तिसऱ्या काढायच्या. पुरुषांच्या जाळ्यात मासा येईल न येईल, शिंपल्यातली ही तिसरी मात्र कधी दगा देत नसे. होड्या वर ओढून ठेवलेल्या असत तेव्हा तर सगळं गाव त्या पुळणीवरच जगायचं.

आता सातखोलच्या माणसांच्या दोन समजुती सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळेच घडलं. एक अशी की उकळत्या पाण्यात जी तिसरी तोंड उघडते ती चांगली आणि मिटून राहते ती वाईट. दुसरी अशी. पाच-सात वर्षांतून एखाद्या वेळी, पाऊस सरून ऊन तापायला लागलं की खाडीचं पाणी तांबूस व्हायचं. ते दिसलं की बायका एकमेकींना सांगायच्या, "खाडयेन कुकू लायल्यान गे!" कुंकू लावलेली खाडी म्हणजे सवाष्ण खाडी. मग त्या महिन्यात लग्नं ठरायची, नव्या होड्या पाण्यात उतरायच्या आणि त्या पाण्यातल्या तिसऱ्या देवीचा प्रसाद म्हणून घरोघरी शिजायच्या. अशा वर्षी एखाददुसरं धडधाकट माणूस जेवता जेवता कोसळून जायचंही. गाव म्हणायचं, देवीनं आपलं माणूस ओटीत घेतलं. तिसऱ्यांशी त्याचा संबंध कुणी लावला नाही.

त्या गावात मथुरा नावाची एक बाई होती. तिचा वरचा ओठ जन्मापासून मधोमध दुभंगलेला. तिला मथुरा म्हणून हाक मारणारी तिची आई तेवढी होती, ती गेल्यावर ते नावही गेलं. गाव तिला ओठफुटी म्हणायचं. सकाळी समुद्रावर जाताना तिचं तोंड दिसलं तर जाळं रिकामं येतं असं कुणीतरी एकदा म्हणालं, आणि रिकाम्या जाळ्याला कारण हवंच असतं, त्यामुळे ते सगळ्यांनाच पटलं. तिचं लग्न झालं नाही. गावाबाहेर, जिथं कातळ खाडीत उतरतो, तिथं झापांची एक खोपी करून ती एकटी राहायची. होड्या तिच्या खोपीपासून लांब, वळसा घालून जायच्या.

लोकांनी आपलं तोंड बघू नये म्हणून मथू सगळ्यांच्या आधी, उजाडता उजाडता पुळणीवर जायची आणि इतर बायका यायच्या आत परतायची. पोटात काही नसायचं. म्हणून पहिली तिसरी हाताला लागली की ती तिथंच फोडून कच्चीच तोंडात टाकायची. सातखोलातली रोजची पहिली तिसरी अशी मथूच्या ओठाला लागत असे. गावाला त्याची खबरही नव्हती.

एका वर्षी खाडीनं कुंकू लावलं. मथू पुळणीवर गेली. आदल्या दिवशी तिनं काही खाल्लं नव्हतं, म्हणून एकीवर न थांबता तिनं मूठभर तिसऱ्या खाल्ल्या. थोड्या वेळानं तिच्या ओठाला झिणझिण्या आल्या. मग जिभेला, मग बोटांना. मग पाय आपले राहिले नाहीत, आणि ती वाळूवर उताणी पडली. डोळे उघडे होते. बोट हलत नव्हतं. छाती इतकी हळू हलत होती की बघणाऱ्याला दिसू नये.

बायका आल्या. त्यांनी तिला पाहिलं आणि त्या लांबच थांबल्या. एक म्हणाली, "मेली ओठफुटी." दुसरी म्हणाली, "हात कोण लावतलो तिका? भरती नेयत." आणखी एकीनं पदर तोंडाला लावला. मग एवढा मोठा अपशकुन झाल्यावर तिसऱ्या कोण काढणार? त्या रिकाम्या पाट्या घेऊन परत गेल्या, आणि परत गेल्या म्हणूनच त्या वर्षी वाचल्या. त्यांना वाटलं, आपण अपशकुन ओळखला. मथूनं मात्र ते सगळं ऐकलं होतं, शब्द न् शब्द.

मग भरती लागली. पाणी तिच्या टाचांना लागलं, कंबरेला लागलं, खांद्यापर्यंत चढलं. तिला ओरडता येत नव्हतं, डोळे मिटता येत नव्हते. असं म्हणतात, त्या दिवशी भरती तिच्या हनुवटीला टेकली आणि तिथंच थांबली. बाकी सगळी खाडी काठोकाठ भरली, माडांच्या मुळांना पाणी लागलं, पण मथूच्या तोंडाभोवती हातभर वाळू कोरडी राहिली. सूर्य कलला तेव्हा तिचं एक बोट हललं, मग हात हलला. संध्याकाळच्या सुकतीला ती उठून, पडत-धडपडत आपल्या खोपीत गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या खोपीतून धूर निघताना पाहून गावाची पाचावर धारण बसली. ओठफुटी आता भूतही झाली, असं ठरलं.

चार दिवसांनी परतीचा पाऊस कोसळला आणि पाणी निवळलं. पण त्या दिवसापासून मथूच्या ओठाला कळायला लागलं. ती रोज पहिली तिसरी ओठाला लावायची, खोपीत येऊन चुलीवर पेज ठेवायची आणि पेज शिजेपर्यंत गप्प बसायची. ओठ शांत राहिला तर बाकीच्या तिसऱ्या शिजवायची. असं तिनं किती वर्षं केलं? सात वर्षं, असं म्हणतात. सात वर्षं ओठ शांत होता. तिनं हे कुणाला सांगितलं नाही, कारण तिला विचारणारं कुणी नव्हतं.

त्यातल्या सहाव्या वर्षी सुभद्रा आली.

सुभद्रा म्हणजे हिरोजी तांडेलाची सून. हिरोजी गावातल्या सगळ्यात मोठ्या होडीचा तांडेल, त्याचा शब्द म्हणजे गावाचा शब्द. सुभद्रा पलीकडच्या खाडीवरची, त्यामुळे कुणाचं तोंड बघायचं आणि कुणाचं नाही हे तिला कुणी अजून शिकवलं नव्हतं. लग्नानंतर आठच दिवसांत तिच्या हातून सासरची चूल विझली. सासू, भागीरथीकाकी, उठायच्या आत विस्तव आणायला हवा म्हणून ती करवंटी घेऊन बाहेर पडली. एवढ्या सकाळी धूर दिसत होता तो एकाच ठिकाणी.

"काकी, वायच विस्तव देशात काय?" तिनं खोपीच्या दारात उभं राहून विचारलं.

मथूनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "सकाळची येळ. माझा तोंड बघू नको."

"तोंडाचा काय करूचा? माका विस्तव होयो."

मथूला हसू आलं. कितीतरी वर्षांनी आलं असेल. ती चुलीपाशी वाकली आणि निखारा फुलवायला लागली. तिचा ओठ दुभंगलेला, फुंकर मारली की वारा फटीतून निसटायचा. म्हणून तिनं लहानपणीच एक युक्ती काढली होती. वरच्या ओठाच्या फटीवर ती बोट दाबून धरायची आणि मग फुंकायची. अशी फुंकर की फुंकणीची गरज नाही. दोन दमांत निखारे लाल झाले. सुभद्रा बघतच राहिली.

तेव्हापासून सुभद्राची चूल वरचेवर विझायला लागली. भागीरथीकाकी म्हणायची, कसली ही सून, हिला विस्तव राखता येत नाही. सुभद्रा करवंटी घेऊन जायची आणि घटकाभर कातळावर बसून यायची. मथूनं तिला पुळणीवरच्या त्या दिवसाची गोष्ट सांगितली, ओठाची गोष्ट सांगितली. आणि सुभद्रानंच तिला पहिल्यांदा मथूआये म्हटलं. सगळ्या सातखोलात मथूचं तोंड बघणारं एवढं एकच माणूस होतं.

यथावकाश सुभद्राला दिवस गेले. पाऊस सरता सरता मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप. बाराव्या दिवशी बारसं करायचं, गावजेवण घालायचं, असं हिरोजीनं ठरवलं. आणि अकराव्या दिवशी, उन्हं तापलेली असताना, खाडीचं पाणी तांबूस झालं.

गावाचा आनंद काय विचारता! तांडेलाची पहिली नात आणि बारशाला खाडीनं कुंकू लावलेलं. बाराव्या दिवशी उजाडताच वीस बायका पुळणीवर उतरल्या. तिसऱ्या अशा पुष्ट की शिंपला मिटेना. हिरोजीचा धाकटा भाऊ बाबल पाट्या उचलायला गेला होता, त्यानं हसत हसत तिथंच पाच-पंचवीस कच्च्या खाल्ल्या.

मथू त्यांच्याही आधी पुळणीवर जाऊन आली होती. तिनं पहिली तिसरी ओठाला लावली, खोपीत आली, पेज चुलीवर ठेवली. पेजेला उकळी फुटायच्या आत तिच्या ओठाला झिणझिण्या आल्या.

तिनं पेज तशीच टाकली. ज्या वाटेनं ती कधी दिवसाउजेडी गेली नव्हती त्या वाटेनं ती धावत गावात गेली आणि थेट तांडेलाच्या अंगणात उभी राहिली. तिथं मांडव घातलेला, रांगोळी काढलेली. तिला बघून पोरीबाळींनी डोळे झाकले.

"हिरोजी तांडेल," ती म्हणाली, "तिसरे खाव नका. खाडयेचा कुकू नाय ता. ता ईख आसा."

विष? बारशाच्या दिवशी, दारात, असं अभद्र!

"तुमच्या टोपातले चार तिसरे माका द्या," मथू म्हणाली. "मी खातंय तुमच्यासमोर. येक पेज शिजासर थांबा आनि माझा काय होता ता बघा. येवढाच मागतंय. येक पेज शिजासर."

भागीरथीकाकी चुलीपाशी होती. तिनं टोपावरचं झाकण काढून सगळ्यांना दाखवलं. "बघा गे बायांनो, सगळे उघडले. येक तरी मिटलेलो आसा? खाडयेन कुकू लायल्यान आनि ही अपशकुन करूक इली!"

टोपात खरंच एकही तिसरी मिटलेली नव्हती. हिरोजीनं ते पाहिलं. तो दुष्ट नव्हता हो, फक्त त्याला रीत ठाऊक होती आणि मथू ठाऊक नव्हती. त्यानं बाहेरच्या वाटेकडे हात केला. "चल. हो भायर."

बाळंतिणीला दूध यावं म्हणून तिसऱ्यांचं पाणी पाजतात, आणि मान तिचा पहिला. खोलीत सुभद्राच्या हातात वाडगा होता. तिनं बाहेरचा आवाज ओळखला. ती म्हणाली, "सासूबाय, वायच थांबूया. मथूआये सांगता."

"गरम आसा तंवसर पी," भागीरथीकाकी म्हणाली आणि समोर उभी राहिली. बारा दिवसांच्या बाळंतिणीनं सासूला किती नाही म्हणावं? तिनं अर्धा वाडगा प्यायला आणि मथूचा शब्द म्हणून अर्धा ठेवला. तो न प्यालेला अर्धा वाडगा पुढं फार मोलाचा ठरला.

पेज शिजेल एवढाही वेळ गेला नाही. पंगतीसाठी केळीची पानं मांडत होते आणि बाबल पानं हातात धरून जागच्या जागी खाली बसला. मी माझे पाय कुठं ठेवले, असं तो विचारत होता. लोक हसले, त्यांना वाटलं थट्टा करतो. तेवढ्यात आतून भागीरथीकाकीची किंकाळी आली. सुभद्राच्या हातातून बाळ घसरत होतं आणि तिला ते धरता येत नव्हतं. ओठ बधिर, जीभ जड. बाळाला कुणीतरी उचललं. सुभद्रा मागे कलली, तिची छाती हळू हळू होत गेली आणि थांबली.

"मेली गे! माझी बाय मेली!" भागीरथीकाकी छाती पिटायला लागली. कुणीतरी टोप उलटा केला, सगळं गावजेवण मातीत गेलं. तेवढं शहाणपण त्या क्षणी सुचलं म्हणून सातखोल आज आहे.

मथू वाटेवरच होती. ती परत वळली. तिला अडवायला कुणी पुढं आलं नाही. ती बाळंतिणीच्या खोलीत शिरली, सुभद्राच्या तोंडावर वाकली आणि तिनं पाहिलं की उघड्या डोळ्यांच्या कडेनं पाण्याचा थेंब ओघळतो आहे.

"रडू नकात!" ती ओरडली. "ती मरूक नाय. तिका सगळा ऐकाक येता. सात वर्सांमागे पुळणीर मी अशीच पडान होतंय. तुमी माका टाकून गेलास. माका सगळा ऐकाक येय होता!"

ज्या बायका त्या दिवशी पुळणीवर होत्या त्यांच्यातली एकही वर बघू शकली नाही.

मथूनं सुभद्राचं नाक चिमटीत धरलं, दुसऱ्या हाताचं बोट आपल्या ओठाच्या फटीवर दाबलं, तोंडाला तोंड लावलं आणि चूल फुंकावी तसं फुंकलं. सुभद्राची छाती वर आली आणि खाली गेली. मथूनं पुन्हा फुंकलं. मध्येच मान वर करून ती अंगणाकडे ओरडली, "बाबलाक फुका! माझ्यासारखा फुका कोणीतरी!"

हेही सांगितलंच पाहिजे. अंगणात तीस माणसं होती. बाबल सगळ्यांचा लाडका होता. पण तोंडाला तोंड लावायचं? उष्टं? आणि मेलेल्याचं? जो तो दुसऱ्याकडे बघत राहिला. शेवटी हिरोजी गुडघ्यावर बसून भावाच्या तोंडाशी वाकला तेव्हा बाबलाचे डोळे थिजले होते. त्यानंतरही हिरोजी कितीतरी वेळ फुंकत होता.

आत मथू थांबली नव्हती. एक श्वास स्वतः घ्यायचा, एक सुभद्राला द्यायचा. सूर्य माथ्यावर आला. भरती लागली. असं म्हणतात, त्या दिवशी खाडीचं पाणी मथूच्या फुंकरीबरोबर वर-खाली होत होतं. तिनं श्वास दिला की बांधलेल्या होड्या जागच्या जागी वर उचलल्या जायच्या, आणि तिनं मान वर केली की खाली बसायच्या. वारा पडला होता, कारण सगळा वारा त्या एका खोलीत लागत होता. माडाचं झावळंसुद्धा हललं नाही. असं म्हणतात, आणि मला ते खरं वाटतं.

पण बाईचा हात तो, दगडाचा नव्हे. शिवाय सकाळी चाखलेल्या तिसरीचं विष तिच्याही अंगात होतं. दुपार कलली तशी तिची बोटं बधिर झाली. ओठावरचं बोट घसरायला लागलं. फटीतून वारा निसटू लागला आणि सुभद्राची छाती पुरती वर येईना. मथू बोट पुन्हा ठेवायची, ते पुन्हा घसरायचं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तोंड सोडून तिला काही सांगताही येत नव्हतं.

भागीरथीकाकी उशाशी बसली होती. जिनं तीस वर्षांत त्या तोंडाकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं, तिनं आता पाहिलं. काय होतंय ते तिला कळलं. ती पुढं सरकली. तिनं आपलं बोट मथूच्या दुभंगलेल्या ओठावर ठेवलं आणि फट घट्ट दाबून धरली. मथूनं फुंकलं. सुभद्राची छाती भरून वर आली.

मग संध्याकाळपर्यंत ती दोघींची एक फुंकर होती. श्वास मथूचा आणि बोट भागीरथीचं. बोटाला पेटका आला तरी भागीरथीकाकीनं ते हलवलं नाही. ती मथूच्या कानाशी एकसारखं काहीतरी पुटपुटत होती. काय ते कुणाला ऐकू आलं नाही. मी म्हणते, क्षमाच मागत असणार, दुसरं काय मागायचं त्या वेळी?

दिवेलागणीला, सुकती लागता लागता, मथूनं मान वर केली आणि सुभद्राची छाती तरीही हलली. सगळे बघत राहिले. ती पुन्हा हलली. शेजारच्या खोलीत बाळ रडलं तशी सुभद्राच्या हाताची करंगळी उचलली गेली. वाडीवस्तीवर बातमी पोचली तेव्हा होड्या पाण्यावर शांत बसल्या होत्या.

बाबलाला त्याच संध्याकाळी खाडीच्या काठी नेलं. सोबत सगळं गाव गेलं आणि मथूही गेली. मुलीचं नाव मग महिन्यानं ठेवलं. काय ठेवलं ते सांगायला नको.

हिरोजी तांडेल दुसऱ्या दिवशी मथूच्या खोपीशी गेला. डोक्याचा फेटा काढून त्यानं हातात धरला होता. तो म्हणाला, "गावात चल. घर बांधून देतंय. लुगडी देतंय. काय मागशीत ता माग."

 मथूला मागायची सवय नव्हती. ती म्हणाली, "माका कायेक नको. सकाळच्या पारी माझा तोंड बघा."

तेव्हापासून सातखोलच्या होड्यांनी वळसा घालणं सोडलं. पहाटे एकेक होडी तिच्या कातळाशी यायची, तांडेल तिचं तोंड बघायचा आणि मगच शीड चढवायचा. जाळी काही रोज भरून येत नसत, समुद्र तो समुद्रच. पण रिकाम्या जाळ्याचा दोष त्यांनी पुन्हा कुणाच्या तोंडावर ठेवला नाही. आणि सुकतीला बायका पुळणीच्या काठाशी थांबायच्या. मथूआये पहिली तिसरी ओठाला लावायची, तिथंच तीन दगडांवर पेज ठेवायची, आणि पेज शिजेपर्यंत सगळ्या बसून राहायच्या.

मथूआये फार जगली. पुढं आणखी दोन वेळा पाणी तांबूस झालं आणि दोन्ही वेळा तिच्या ओठानं सांगितलं, पाट्या रिकाम्या न्या. कुणाचं काही गेलं नाही. मग एका सकाळी बायका आल्या तर पुळणीवर तिची पावलं होती, कातळापासून निघालेली आणि पाण्याकडे गेलेली. परतीची नव्हती. खोपीतल्या चुलीवर पेज होती, शिजून गार झालेली. असं म्हणतात, त्या दिवशी भरती सगळीकडे आली, फक्त त्या पावलांवर आली नाही.

आता खाडीवर पूल आहे. पाणी तांबूस दिसलं की शहरातून शिकलेली माणसं येतात, बाटल्यांतून पाणी आणि तिसऱ्या तपासायला घेऊन जातात, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत सातखोलात कुणी पाटी उचलत नाही. इतर गावं कुरकुरतात, सातखोल कुरकुरत नाही. ओठ लावायचं काम आता कुणी करत नाही, आणि करूही नये. ज्याला कळायचं तो ओठ एकच होता.

पण पाऊस सरल्यावर तिसऱ्यांचा पहिला दिवस येतो तेव्हा सगळं गाव अजून पुळणीच्या काठाशी जमतं. वाळूवर तीन दगड मांडून पेज ठेवतात. गावातलं वडीलधारं माणूस गाऱ्हाणं घालतं. आधी देवांची नावं घेतात, मग खाडीचं, मग बाबलाचं, आणि शेवटी म्हणतात, "बा मथूआये, आमी तुका वलांडून गेलाव, ता पोटात घाल. आज आमी थांबलाव, ता बघ." सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा."

आणि मग पेज शिजेपर्यंत कुणी बोलत नाही. काठावर ओळीनं बसलेल्या बायका, पुरुष, पोरं, प्रत्येक जण हात पुढं करतो आणि बोट ओठावर ठेवतो. आपल्या ओठावर नाही, शेजारी बसलेल्याच्या. ज्याच्याशी वर्षभर अबोला असेल त्याच्या शेजारी त्या दिवशी मुद्दाम बसायचं, अशी रीत आहे. हाताला कळ लागते, पेज काही लवकर शिजत नाही. कुणी बोट काढत नाही.